४२९४९६७२९७ : फर्मा यांना मूळ वाटलेली संख्या आणि तिचा ६४१ हा अवयव

विषमांक (प्रश्न)

संख्या सिद्धान्ताविषयी काहीही वाचायला घेतले, की ४२९४९६७२९७ ही दहा अंकी संख्या कुठे ना कुठे भेटतेच. तिची किंमत २^३२ + १ इतकी आहे (घातासाठी ^ हे चिन्ह वापरतो). फर्मा यांनी १६४० मध्ये असे अनुमान मांडले होते, की २ चा घातांक स्वतःच २ चा घात असेल, तर त्या घातात १ मिळवून येणारी संख्या नेहमी मूळ असते. अशा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या पहिल्या पाच संख्या खरोखरच मूळ आहेत. सहावी मात्र संयुक्त आहे, कारण ४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७, हे ऑयलर यांनी १७३२ मध्ये दाखवले.

गुणाकार करून हे पडताळणे सोपे आहे आणि तो मी कागदावर करून पाहिला आहे. माझ्या शंका त्यापुढच्या आहेत. २ पासून मोजत गेल्यास ६४१ ही ११६ वी मूळ संख्या येते. ऑयलर यांनी एकापाठोपाठ एक इतके भागाकार केले असतील का, की ६४१ पर्यंत पोहोचण्याची काही जवळची वाट होती? दुसरे असे, की ६७००४१७ हा अवयव स्वतः मूळ आहे हे यंत्राविना कसे ठरवायचे? तिचे वर्गमूळ २५८८ च्या थोडे वर आहे, म्हणजे सरधोपट मार्गाने जायचे तर पावणेचारशेच्या आसपास भागाकार करावे लागतील. आणि शेवटची शंका फर्मा यांच्याविषयी आहे: ज्यांच्या नावाचे लघुप्रमेय आजही मूळ संख्यांच्या कसोटीसाठी वापरले जाते, त्यांनी स्वतःच्या अनुमानाला ती कसोटी का लावली नाही?

शेषफल

ऑयलर यांना ११६ भागाकार करावे लागले नाहीत. या संख्येला कोणती मूळ संख्या भागू शकेल यावर फार कडक बंधन आहे, आणि ते बंधन सिद्ध करायला लघुप्रमेयापलीकडे काही लागत नाही.

समजा, प ही मूळ संख्या २^३२ + १ ला निःशेष भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर प − १ इतकी बाकी उरते. सोयीसाठी तिला −१ म्हणू. वर्ग केला, की २^६४ ची बाकी १ येते. आता २ चे घात क्रमाने घेत गेल्यास बाकी पहिल्यांदा १ कधी होते, हे पाहू. त्या पहिल्या घातांकाच्या अंतराने बाक्यांचे चक्र पुन्हा पुन्हा फिरत राहते, त्यामुळे तो घातांक ६४ चा विभाजक असलाच पाहिजे. पण ६४ चा ६४ हून लहान असा प्रत्येक विभाजक ३२ लाही भागतो, आणि तो घातांक ३२ ला भागत असता तर २^३२ ची बाकी −१ न येता १ आली असती. म्हणून चक्राची लांबी नेमकी ६४ आहे. दुसरीकडे लघुप्रमेयानुसार २^(प − १) ची बाकी १ असते, म्हणजे ६४ ने प − १ ला भाग गेला पाहिजे. थोडक्यात, प ही ६४क + १ या रूपाचीच असू शकते.

आता उमेदवार मोजा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांपैकी मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१ या आहेत. म्हणजे ६४१ हा पाचवा प्रयत्न ठरतो.

शिवाय दहा अंकी भागाकार करण्याचेही कारण नाही. २^१६ = ६५५३६ ची बाकी काढायची, तिचा वर्ग करून पुन्हा बाकी काढायची आणि १ मिळवायचा. ६४१ साठी ६५५३६ = ६४१ × १०२ + १५४, आणि १५४ चा वर्ग २३७१६ = ६४१ × ३७ − १. त्यात १ मिळवला, की बाकी शून्य. याच रीतीने १९३ साठी १०९, २५७ साठी २, ४४९ साठी ३२५ आणि ५७७ साठी २८८ अशा बाक्या उरतात. हे सारे काम एका बैठकीत होण्यासारखे आहे.

पुढे १८७८ मध्ये ल्युका यांनी हे बंधन आणखी आवळले. ज्या मूळ संख्येला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते, तिच्या संदर्भात २ ही एखाद्या संख्येच्या वर्गाची बाकी असते, असा एक जुना नियम आहे. आपली प तशीच आहे, म्हणून प च्या हिशेबात २ च्या जागी एखाद्या अ चा वर्ग घेता येतो. २ चे चक्र ६४ चे असेल, तर अ चे चक्र १२८ चे होते, आणि म्हणून १२८ नेही प − १ ला भाग जातो. आता उमेदवार १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढेच राहतात आणि त्यांत मूळ फक्त दोन आहेत. २५७ च्या हिशेबात ६५५३६ ची बाकी १ असल्यामुळे ती बाद होते, तेव्हा पहिलाच खरा प्रयत्न ६४१ चा ठरतो. ही सवलत अर्थातच ऑयलर यांच्या हाती नव्हती.

तुमच्या दुसऱ्या शंकेलाही हेच बंधन पुरते. ६७००४१७ ला भागणारी मूळ संख्या ४२९४९६७२९७ लाही भागणारच, म्हणून ती १२८क + १ या रूपाची हवी. २५८८ पर्यंत अशा वीस संख्या आहेत आणि त्यांतील मूळ संख्या २५७, ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढ्याच. २५७ आधीच बाद आहे. ६४१ पुन्हा तपासावी लागते, कारण तिचा वर्गच ४२९४९६७२९७ मध्ये दडलेला असू शकला असता. ६७००४१७ ला ६४१ ने भागल्यास ४४, ७६९ ने भागल्यास १२०, ११५३ ने भागल्यास ३३४ आणि १४०९ ने भागल्यास ६२२ बाकी उरते. पावणेचारशे भागाकारांच्या जागी चार भागाकारांत ६७००४१७ मूळ असल्याचे सिद्ध झाले.

गुणक

शेषफल यांचे विवेचन शोध कसा लागला ते सांगते. शोध लागल्यानंतर मात्र ६४१ ने भाग जातो हे दाखवायला एकही भागाकार लागत नाही, केवळ ६४१ ही संख्या दोन तऱ्हांनी लिहावी लागते:

६४१ = ५ × २^७ + १
६४१ = ५^४ + २^४

पहिल्या ओळीवरून ५ × २^७ ची बाकी −१ आहे. चौथा घात केला, की ५^४ × २^२८ ची बाकी १ होते. दुसऱ्या ओळीवरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो, म्हणून −२^३२ ची बाकी १, अर्थात २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. संख्या सिद्धान्तात इतक्या कमी शब्दांत संपणाऱ्या सिद्धता फारशा नाहीत आणि माझ्या मते या संख्येचे खरे सौंदर्य या दोन ओळींतच आहे.

याच ओळींतून आणखी एक गोष्ट निघते, जिचा उल्लेख क्वचितच आढळतो. ५^४ ची बाकी −२^४ असेल, तर ५^१६ ची बाकी २^१६ होते. म्हणून १०^१६, म्हणजे २^१६ × ५^१६, याची बाकी २^३२ इतकीच, म्हणजे −१ येते. त्यामुळे १०^१६ + १ लाही ६४१ ने भाग जातो. याचा प्रत्यक्ष परिणाम १/६४१ च्या दशांश रूपात दिसतो:

०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९...

हे ३२ अंकांचे आवर्तन आहे. पहिले सोळा अंक ००१५६००६२४०२४९६० आणि पुढचे सोळा ९९८४३९९३७५९७५०३९ घेऊन एकाखाली एक लिहिले, तर प्रत्येक स्थानी बेरीज ९ येते. म्हणजे २ च्या घातांमुळे प्रसिद्ध झालेली ६४१ ही संख्या १० च्या घातांशीही त्याच नात्याने बांधलेली आहे.

विषमांक

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. तिसऱ्या शंकेसाठी मी स्वतः थोडा हिशेब केला, पण त्याने गोंधळ वाढलाच. ४२९४९६७२९७ ला न म्हणू. लघुप्रमेयानुसार न मूळ असेल, तर २^(न − १) ला न ने भागल्यावर बाकी १ यायला हवी. न संयुक्त आहे, म्हणून बाकी १ सोडून दुसरे काहीतरी येईल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात बाकी १ च येते. मग ही कसोटी निरुपयोगी म्हणायची का?

शेषफल

तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. २^३२ ची बाकी न च्या हिशेबात −१ आहे, म्हणून २^६४ ची बाकी १. आणि न − १ म्हणजे २^३२ ला ६४ ने भाग जातोच, त्यामुळे २^(न − १) ची बाकी १ येणे अपरिहार्य आहे. अशा संख्येला २ या पायासाठी आभासी मूळ संख्या म्हणतात. पुढच्या सर्व फर्मा संख्याही, त्या मूळ असोत वा नसोत, २ पाया घेतल्यास ही कसोटी उत्तीर्ण होतात. लघुप्रमेय एकाच दिशेने चालते: बाकी १ आली नाही, तर संख्या संयुक्त असल्याचा तो पुरावा असतो, बाकी १ आली, तर काहीच सिद्ध होत नाही.

पाया बदलून ३ घेतला, की सोंग उघडे पडते. ३ चा वर्ग, त्याचा वर्ग, असे ३२ वेळा वर्ग करून दर वेळी न ने भागून बाकी ठेवत गेल्यास शेवटी ३०२९०२६१६० ही बाकी उरते. ती १ नाही, म्हणून न संयुक्त. पहिले चार वर्ग (९, ८१, ६५६१, ४३०४६७२१) तोंडी किंवा सहज होतात आणि उरलेले २८ दहा अंकी गुणाकार-भागाकार चिकाटीच्या माणसाला हाताने जमण्यासारखे आहेत. पेपाँ यांनी १८७७ मध्ये हीच कल्पना निर्णायक कसोटीच्या रूपात मांडली. तिच्यात एक पायरी आधी थांबायचे असते. ५ किंवा त्याहून मोठी फर्मा संख्या मूळ असेल तर आणि तरच त्या पायरीवर बाकी −१ येते. आपल्या संख्येसाठी ३१ व्या वर्गानंतरची बाकी १०३२४३०३ आहे. हिचा वर्ग करून न ने भागल्यास वरचीच ३०२९०२६१६० मिळते, हे कोणीही पडताळून पाहू शकेल. या कसोटीने संख्या संयुक्त असल्याचे ठरते, पण अवयव कोणते ते कळत नाही, ही तिची मर्यादा.

फर्मा यांच्याविषयी बोलायचे, तर १६४० च्या पत्रात त्यांनी आपल्यापाशी नेमकी सिद्धता नसल्याचे कबूल केले होते. पुष्कळसे विभाजक आपण वगळले आहेत, एवढाच त्यांचा दावा होता. त्याच वर्षी त्यांनी २^३७ − १ ला २२३ ने भाग जातो हे शोधून काढले, आणि तेही विभाजक ७४क + १ या रूपाचाच असला पाहिजे, हे ओळखून. म्हणजे ६४क + १ हे रूप त्यांच्या आवाक्याबाहेरचे नक्कीच नव्हते. मला तरी असे वाटते, की त्यांनी हे उमेदवार तपासले असावेत आणि ६४१ च्या भागाकारात कुठेतरी अंक घसरला असावा. हा केवळ माझा तर्क आहे. ऑयलर यांचे लक्ष या प्रश्नाकडे गोल्डबाख यांच्या १७२९ च्या पत्रामुळे गेले, म्हणजे हे अनुमान तोवर जवळजवळ नव्वद वर्षे अबाधित राहिले होते.

वर्गबेरीज

अवयवांपर्यंत पोहोचण्याची आणखी एक वाट आहे आणि तीही ऑयलर यांचीच. ज्या मूळ संख्येला ४ ने भागल्यावर बाकी १ उरते, ती दोन वर्गांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते. त्यामुळे एखादी संख्या दोन वेगवेगळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता आली, तर ती संयुक्त असलीच पाहिजे. आपल्या संख्येचा पहिला प्रकार तर तिच्या व्याख्येतच आहे. दुसराही आहे:

४२९४९६७२९७ = ६५५३६^२ + १^२
४२९४९६७२९७ = ६२२६४^२ + २०४४९^२

दुसरी ओळ तपासायची असेल, तर वर्ग अनुक्रमे ३८७६८०५६९६ आणि ४१८१६१६०१ आहेत. (जाता जाता, २०४४९ हा १४३ चा वर्ग आहे, म्हणून शेवटचे पद १४३ चा चौथा घात ठरते. यामागे काही खोल कारण असेल असे मला वाटत नाही, तरी पाहायला गंमत वाटते.)

या दोन ओळींतून अवयव कसे निघतात ते पाहण्यासारखे आहे. सम आधारांची वजाबाकी ६५५३६ − ६२२६४ = ३२७२ आणि विषम आधारांची २०४४९ − १ = २०४४८. या दोहोंचा मसावि ८ आहे आणि त्याने भागल्यावर ४०९ व २५५६ उरतात. आता बेरजा घ्या: १२७८०० आणि २०४५०. यांचा मसावि ५० आहे आणि भागल्यावर पुन्हा २५५६ व ४०९ हेच अंक समोर येतात. ८ आणि ५० यांच्या निमपटींच्या, म्हणजे ४ आणि २५ च्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१; आणि ४०९^२ + २५५६^२ = १६७२८१ + ६५३३१३६ = ६७००४१७. दोन्ही अवयव हजर.

अर्थात दुसरी ओळ आधी सापडायला हवी, आणि अंधारात चाचपडत ती शोधणे ६४१ शोधण्यापेक्षा खूपच कष्टाचे आहे. ही वाट शोधासाठी उपयोगी नसली, तरी संख्येची अंतर्गत रचना दाखवण्यासाठी उत्तम आहे.

द्विमान

संगणकाच्या बाजूने काही गोष्टी जोडतो, कारण ही संख्या ३२ बिटांच्या सीमारेषेला खेटून बसलेली आहे. द्विमान पद्धतीत ती १, मग ३१ शून्ये, मग पुन्हा १ अशी लिहिली जाते. चिन्हविरहित ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४२९४९६७२९५ आहे; पुढची ४२९४९६७२९६ शून्यात गुंडाळली जाते आणि आपली ४२९४९६७२९७ म्हणजे १ होऊन बसते. परिणामी ३२ बिटांच्या अंकगणितात ६४१ × ६७००४१७ चे उत्तर १ येते, म्हणजे तिथे या दोन संख्या एकमेकींच्या व्यस्त आहेत.

हा नुसता चमत्कार नाही, त्याचा व्यवहारात उपयोग होतो. संगणकाला भागाकार गुणाकारापेक्षा महाग पडतो, म्हणून ठरावीक संख्येने भागायचे असल्यास कंपायलर (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली) भागाकाराच्या जागी योग्य त्या संख्येने गुणाकार योजतात. ६४१ ने भागायचे असेल, तर ती योग्य संख्या ६७००४१७ आहे: ३२ बिटांच्या कोणत्याही संख्येला तिने गुणून ६४ बिटांचे उत्तर घ्या आणि त्यातील वरची ३२ बिटे ठेवा, तोच पूर्णांक भागाकार. कारण सोपे आहे. ६७००४१७ ला २^३२ ने भागले, तर ते १/६४१ पेक्षा फक्त १/(६४१ × २^३२) इतकेच जास्त भरते. गुणिलेली संख्या २^३२ हून लहान असल्यामुळे एकूण चूक १/६४१ पेक्षा कमी राहते आणि पूर्णांक भाग कधीच बदलत नाही. इतर बहुतेक भाजकांसाठी गुणाकारानंतर बिटे सरकवण्याची एक पायरी लागते, इथे तीही लागत नाही.

एक सावधगिरीची सूचनाही देतो. कोणी ६४ बिटांची चिन्हविरहित चले घेऊन वर आलेली २ पायाची कसोटी प्रोग्रामने करू गेला, तर पाच वर्गांनंतर बाकी २^३२ येते. तिचा वर्ग नेमका २^६४, म्हणजे ६४ बिटांत मावण्याच्या एका पावलाने पलीकडे. तो शून्य होतो आणि पुढे शून्यच राहतो. प्रोग्राम संख्या संयुक्त असल्याचे खरे उत्तर देईल, पण पूर्णपणे चुकीच्या कारणाने.

विषमांक

असेही वाचले आहे, की एका लहान मुलाने या संख्येचा अवयव मनातल्या मनात सांगितला होता. त्यात तथ्य कितपत आहे?

गुणक

तो झेरा कोलबर्न. त्याचा जन्म १८०४ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये झाला आणि १८१२ मध्ये लंडनमध्ये त्याच्या आकडेमोडीचे जाहीर प्रयोग झाले. तिथे ही संख्या विचारल्यावर त्याने ६४१ हा अवयव सांगितल्याचे नोंदले गेले आहे. ऑयलर यांचा शोध तोवर ऐंशी वर्षांचा जुना झाला होता, तेव्हा उत्तर आधीच कानावर पडले असण्याची शंका कोणालाही येईल. तरीही वर शेषफल यांनी दाखवलेल्या १५४ च्या वर्गाकडे पाहिले, तर तीन अंकी संख्यांवर पकड असलेल्या मुलाला एकेक भाजक मनात तपासत जाणे अशक्य वाटत नाही.

कंपास

चर्चा एकाच संख्येभोवती चालली आहे, पण तिचे शेजारी सोबत घेतले, की तिचे वेगळेपण अधिक ठळक होते. तिच्यातून २ वजा केले, तर

४२९४९६७२९५ = ३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७

म्हणजे आधीच्या पाचही फर्मा संख्यांचा गुणाकार. हे वर्गांतराच्या सूत्रावरून सहज निघते: २^३२ − १ चे (२^१६ − १) आणि (२^१६ + १) असे दोन भाग पडतात, पहिल्याचे पुन्हा दोन, आणि असेच खाली १ पर्यंत. यावरून एक गोष्ट ताबडतोब हाती लागते. आधीची कोणतीही फर्मा संख्या आणि आपली संख्या यांचा समाईक विभाजक असेल, तर तो ४२९४९६७२९५ लाही भागेल आणि म्हणून तिच्यातील व आपल्या संख्येतील २ च्या फरकालाही भागेल. पण दोन्ही विषम आहेत, म्हणून त्या सहमूळ ठरतात. २५७ ने भागल्यास २ च बाकी का उरावी, याचेही कारण हेच. फर्मा संख्या अनंत आहेत आणि त्यांतल्या कोणत्याही दोन सहमूळ आहेत, एवढ्यावरून मूळ संख्या अनंत असल्याचीही सिद्धता मिळते.

आता भूमिती. गाउस यांनी १७९६ मध्ये सतरा बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी आणि कंपास यांनी काढता येते, हे दाखवले. पुढे त्यांनी सर्वसाधारण अट सांगितली आणि ती अट आवश्यक असल्याची सिद्धता वांत्झेल यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केली: बाजूंची संख्या म्हणजे २ चा एखादा घात आणि परस्परभिन्न फर्मा मूळ संख्या यांचा गुणाकार असला पाहिजे. त्यानुसार ४२९४९६७२९५ बाजूंची आकृती तत्त्वतः काढता येते, कारण त्यात पाचही ज्ञात फर्मा मूळ संख्या एकेकदा आल्या आहेत; ४२९४९६७२९६ बाजूंचीही येते, कारण तो २ चा घात आहे; आणि ४२९४९६७२९७ बाजूंची मात्र येत नाही. फर्मा यांचे अनुमान या संख्येपुरते जरी खरे ठरले असते, तरी या तिन्ही लागोपाठच्या संख्या रचनीय ठरल्या असत्या. अडथळा ६४१ पाशीच सुरू होतो: ती फर्मा संख्या नाही, कारण ६४० = २^७ × ५, आणि त्यातल्या ५ मुळे तो २ चा घात होत नाही. विषम बाजूंच्या आकृत्यांपैकी रचनीय म्हणून आज माहीत असलेल्या एकूण ३१ आहेत, कारण पाच मूळ संख्यांतून तेवढेच वेगवेगळे गुणाकार होतात. त्यांतली सर्वांत मोठी ४२९४९६७२९५ बाजूंची.

हीच फूट सहमूळ संख्या मोजतानाही दिसते. ४२९४९६७२९५ पेक्षा लहान आणि तिच्याशी सहमूळ अशा संख्या २ × ४ × १६ × २५६ × ६५५३६ = २^३१ आहेत. शेजारच्या ४२९४९६७२९६ साठीही ही गणती २^३१ च येते, कारण तिथे केवळ विषम संख्या मोजायच्या असतात. लागोपाठच्या दोन संख्यांची अशी बरोबरी ३ व ४, १५ व १६, २५५ व २५६, ६५५३५ व ६५५३६ या जोड्यांतही आहे. आपल्या संख्येसाठी ही गणती ६४० × ६७००४१६ = ४२८८२६६२४० येते आणि तो २ चा घात नाही; म्हणून पुढची जोडी, म्हणजे २^६४ − १ आणि २^६४, ही बरोबरी पाळत नाही.

विषमांक

आता एकच राहते. पुढची फर्मा संख्या २^६४ + १ हिच्यावरही हीच युक्ती चालेल का? बंधन तर आणखी कडक झालेले असणार.

शेषफल

युक्ती चालते, श्रम मात्र कित्येक पटींनी वाढतात. १८४४६७४४०७३७०९५५१६१७ चे विभाजक २५६क + १ या रूपाचे असले पाहिजेत, आणि सर्वांत लहान मूळ विभाजक २७४१७७ = २५६ × १०७१ + १ आहे. इथे क ची किंमत ५ वरून एकदम १०७१ वर गेली. त्या हजाराहून अधिक उमेदवारांतून संयुक्त संख्या गाळून उरलेल्या प्रत्येकीसाठी वर्ग आणि बाक्या काढत बसावे लागते. लाँद्री यांनी १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, ही संख्या २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ अशी फोडून दाखवली. क्लाउसेन यांनी हे अवयव १८५५ च्या एका पत्रात आधीच लिहून ठेवले होते, हे नंतर उजेडात आले. त्यापुढची संख्या ३९ अंकी आहे आणि तिचे अवयव १९७० मध्ये मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकाच्या आधारे पाडले. पेपाँ यांच्या कसोटीने संयुक्त ठरलेल्या, पण एकही अवयव हाती न लागलेल्या फर्मा संख्याही आहेत. घातांक २^२० असलेली त्यांपैकीच एक.